घाटाखालून दिसणारे राज्यपाल

महाराष्ट्राच्या राज्यपालांची यादी छापायची म्हटलं की पहिली ओळ ठरलेली असते: श्रीप्रकाश, १ मे १९६०. त्याखाली पुढची नावं, पदग्रहणाची तारीख, पद सोडल्याची तारीख. मलबार हिलवरच्या राजभवनातून पाहणाऱ्याला या यादीत काही खटकायचं कारण नाही. बुलडाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या रोहिणखेडहून पाहिलं तर मात्र ती फार उशिरा सुरू झाल्यासारखी वाटते. साधारण सहाशे वर्षं उशिरा.

बुलडाणा जिल्ह्यात आजही माणसं आपला पत्ता ‘घाटावरचा’ किंवा ‘घाटाखालचा’ असा सांगतात. बुलडाणा शहर घाटावर, मलकापूर घाटाखाली, आणि रोहिणखेड नेमकं जिथे घाट उतरतो तिथे. बऱ्हाणपुराकडून दौलताबाद किंवा अहमदनगरकडे निघालेल्या फौजेला ही वाट सोयीची होती. त्यामुळे या गावाने राज्यकर्ते जवळून पाहिले, आणि त्याहून जवळून पाहिली ती राज्यकर्त्यांनी नेमलेली माणसं. गाव जागेवरच राहिलं. त्याच्यावरचं राज्य तेवढं बदलत गेलं. बहमनी, इमादशाही, अहमदनगरची निजामशाही, मोगल, हैदराबादचा निजाम आणि त्याच्या जोडीला नागपूरकर भोसले, मग इंग्रज, मध्य प्रांत व वऱ्हाड, मध्य प्रदेश, द्विभाषिक मुंबई, आणि सरतेशेवटी महाराष्ट्र. यातल्या जवळपास प्रत्येक सत्तेने वऱ्हाडवर आपला माणूस पाठवला. कुणी त्याला तर्फदार म्हटलं, कुणी सुभेदार, कुणी कमिशनर, कुणी गव्हर्नर.

हुद्द्याचं नाव बदललं तरी एक गोष्ट टिकून राहिली. हा माणूस बाहेरून यायचा, त्याचा धनी लांब असायचा, आणि त्याची मुदत कागदावर काहीही लिहिलेली असली तरी ती धन्याच्या मर्जीवर चालायची. राज्यपालांचा इतिहास नावांच्या क्रमाने लिहिला की तो कंटाळवाणा होतो. मुदत कशी संपली, कुणी संपवली आणि संपवू पाहणाऱ्याला कुणी दाद दिली नाही, या अंगाने लिहिला की त्यात माणसं दिसू लागतात.

सुरुवात चौदाव्या शतकापासून करता येते. पहिल्या मुहम्मदशाह बहमनीने आपल्या राज्याच्या चार तर्फा केल्या: गुलबर्गा, दौलताबाद, बिदर आणि वऱ्हाड. वऱ्हाडवर सफदरखान सिस्तानी नेमला गेला. तर्फदाराकडे वसूल, फौज आणि किल्ले असं सगळंच असे. म्हणजे पगारी नोकराच्या हातात राजाचा सगळा सरंजाम. अशा नोकराची वार्षिक बदली करायची म्हटली तर ती करायला दुसरी फौज लागणार, हे गणित दिल्ली आणि दख्खनच्या प्रत्येक सुलतानाला पुढे सोडवावं लागलं.

रोहिणखेडचं नाव तवारिखांत येतं ते १४३७ साली. भांडण घरगुती होतं. दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशाह बहमनीची बेगम ही खानदेशच्या नासिरखान फारुकीची मुलगी. कोकणातल्या संगमेश्वरच्या राजाची मुलगी सुलतानाच्या जनान्यात आली आणि थोरल्या बेगमेकडे दुर्लक्ष झालं. तिने बापाकडे गाऱ्हाणं नेलं. बाप वऱ्हाडवर चालून आला. फारुकी घराणं स्वतःला खलिफा उमरचा वंश म्हणवून घेई. वऱ्हाडच्या सरदारांनी तेच निमित्त पुढे केलं आणि ते उघडपणे त्याला जाऊन मिळाले. वऱ्हाडचा तर्फदार खान-इ-जहान याच्या हाताखाली मग उरलं काय? त्याने नरनाळ्याच्या किल्ल्यात शिरून दरवाजे लावून घेतले.

ज्याच्यावर प्रांताची जबाबदारी तो किल्ल्यात अडकलेला, आणि सोडवायला आला तो शेजारच्या तर्फेचा अधिकारी. दौलताबादचा खलफ हसन बसरी, किताब मलिक-उत्-तुज्जार. त्याने दख्खनी सरदारांवर भरवसा न ठेवता परदेशी शिपायांची फौज मागून घेतली, रोहिणखेडजवळ नासिरखानाला गाठलं, मोडलं, आणि बऱ्हाणपुरापर्यंत पाठलाग करून ते शहर लुटलं. नासिरखान त्याच वर्षी गेला. या विजयाने बहमनी दरबारातलं दख्खनी विरुद्ध परदेशी हे वैर मात्र पक्कं झालं. मराठी वाचकाला मलिक-उत्-तुज्जार हे नाव दुसऱ्या प्रसंगामुळे ओळखीचं असेल: शिर्क्यांनी ज्याला संगमेश्वरच्या रानात नेऊन फसवलं आणि जो तिथे फौजेसह कापला गेला, तो हाच. संगमेश्वरच्या मुलीवरून पेटलेल्या लढाईत नाव कमावलेला माणूस संगमेश्वरच्याच वाटेवर संपला.

तर्फदार डोईजड होतात हे ओळखलं ते महमूद गावानने. या वजिराने चारी तर्फा दुभागल्या. वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन भाग झाले. शिवाय एका तर्फदाराकडे एकच किल्ला ठेवायचा, बाकीच्यांवर सुलतानाने थेट किल्लेदार नेमायचे, असा दंडक घातला. कारभाराच्या दृष्टीने याहून शहाणी सुधारणा त्या काळात दुसरी झाली नाही असं म्हणायला हरकत नाही, आणि ज्यांचे किल्ले गेले त्यांना ती विसरता येणं शक्यच नव्हतं. १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आरोपावरून गावानचा शिरच्छेद झाला. पुढच्या नऊ वर्षांत तर्फदारांनी स्वतःच्या नावाची राज्यं काढायला सुरुवात केली. गाविलचा फतहउल्लाह इमाद-उल-मुल्क हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला ब्राह्मणाचा मुलगा, लढाईत पकडला जाऊन मुसलमान झालेला. १४९० मध्ये तो वऱ्हाडचा राजा झाला. नेमणुकीवर आलेल्या माणसाने आपली मुदत कायमची करून घेतली, ती सुमारे ऐंशी वर्षं टिकली. १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहाने वऱ्हाड गिळलं आणि पुन्हा बाहेरून माणसं येऊ लागली.

याच निजामशाही अमलातली एक वस्तू रोहिणखेडात अजून उभी आहे. खुदावंदखान महदवी या सरदाराने १५८२ साली बांधलेली दगडी मशीद. आकाराने लहान, पण देखणी; जुन्या गॅझेटिअरकारांनीही तिची दखल घेतली आहे. आदल्याच वर्षी याच खुदावंदखानाने घाटावर साखरखेर्ड्याला मशीद बांधली असं मानलं जातं. राजधानीपासून इतक्या लांब, खेड्यापाड्यांत अशी बांधकामं झाली याचा अर्थ नेमलेल्या सरदाराला इथे आपण बराच काळ राहणार असं वाटत होतं.

ते वाटणं फार दिवस टिकलं नाही. अहमदनगरात जमालखान या महदवी पंथाच्या सरदाराने इस्माईल या पोराला तख्तावर बसवलं होतं. पोराचा बाप बुऱ्हाण जिवंत होता, अकबराच्या आश्रयाला होता, आणि आपला हक्क सांगत होता. खानदेशच्या राजा अलीखानाला सोबत घेऊन तो वऱ्हाडात उतरला. वऱ्हाडचे सरदार, दीडशे वर्षांपूर्वीसारखेच, त्याला जाऊन मिळाले. जमालखान घाईने घाट उतरला. १५९१ चा उन्हाळा, पाण्यावाचून हैराण झालेली फौज, समोर ताज्या दमाचा शत्रू. रोहिणखेडच्या रणात जमालखान पडला, पोरगा सुलतान पकडला गेला, आणि बाप मुलाच्या जागी गादीवर बसला. अहमदनगरच्या तख्ताचा निकाल घाटाखालच्या एका खेड्यात लागला.

पाच वर्षांनी, १५९६ मध्ये, चांदबिबीला अहमदनगर वाचवण्यासाठी वऱ्हाड मोगलांना द्यावं लागलं. मोगलांनी सुभेदारीची व्यवस्था अधिक काटेकोर केली: सुभेदाराकडे फौज, दिवाणाकडे पैसा, आणि दोघांनी एकमेकांच्या चुका दिल्लीला कळवायच्या. अकबराचा मुलगा मुराद बाळापूरजवळ शहापूर वसवून राहिला आणि दारूपायी तिशीही न गाठता १५९९ मध्ये गेला. अब्दुल रहीम खान-इ-खानान, पुढे दख्खनचा सुभेदार म्हणून औरंगजेब, अशी मोठी नावं इथल्या कागदांत येतात. त्यांची बहुतेक हयात वऱ्हाडपेक्षा छावणीत गेली. सामान्य कुणब्याच्या दृष्टीने सुभेदार म्हणजे वर्षातून एकदा येणारा वसूल, इतकाच त्याचा अर्थ असावा.

बुलडाणा जिल्ह्याच्या मातीत ‘कार्यकाळ’ या शब्दाचा खरा कस लागला तो १७२४ साली साखरखेर्ड्याला. निजाम-उल-मुल्क तेव्हा दख्खनचा सुभेदार होता. दिल्लीत वजिरी करून कंटाळून तो परत दख्खनकडे निघाला होता. बादशाह मुहम्मदशाहाला तो नको होता. म्हणून हैदराबादच्या मुबारिझखानाला सुभेदारीचा शब्द देण्यात आला: निजामाला हटव, जागा तुझी. आजच्या भाषेत, जुन्या माणसाची बदली आणि नव्याची नेमणूक. निजामाने बदली मानली नाही. ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या मैदानात दोन सुभेदार समोरासमोर आले. मुबारिझखान मारला गेला. निजामाने त्याचं मुंडकं दिल्लीला पाठवलं, बंड मोडल्याबद्दल मुबारकीसह. बादशाहाने झाल्या गोष्टीवर शिक्कामोर्तब करून त्याला आसफजाह हा किताब दिला. गावाचं नाव फतेखेर्डा झालं. हैदराबादचं राज्य इथूनच सुरू झालं असं इतिहासकार म्हणतात. पुढच्या सव्वादोनशे वर्षांत या घराण्याने वऱ्हाडवरचा आपला कागदी हक्क कधी सोडला नाही.

प्रत्यक्षात वऱ्हाड अर्धं भोसल्यांचं होतं. निजामाचे अंमलदार वसूल घेत, भोसल्यांचे अंमलदार वसूल घेत. ही दुअंमली ज्यांनी सोसली त्यांना कोणाचा सुभेदार कधी बदलला याची चौकशी करायला सवड नसणार. १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगडला भोसल्यांचा पराभव झाला, देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाला मिळाला, आणि अर्ध्या शतकाने, १८५३ मध्ये, निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी तोच मुलूख कंपनीच्या हवाली केला. हैदराबादचा रेसिडेंट वरून आणि कमिशनर खालून, असा पन्नास वर्षं कारभार चालला. गॅझेटिअरमुळे वऱ्हाडचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला परिचित असलेला आल्फ्रेड लायल याच काळातला.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलं. एखादं घर भाड्याने द्यावं आणि घरमालकाचं नाव दारावर तसंच राहावं, असा हा मामला झाला. पुढच्या वर्षी मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरकडे वऱ्हाड जोडलं गेलं, आणि १९२० मध्ये त्या पदाचं गव्हर्नर झालं. पहिले गव्हर्नर सर फ्रँक स्लाय, त्यांच्यामागून सर माँटेग्यू बटलर, सर हाइड गोवन, सर फ्रान्सिस वायली, सर हेन्री ट्वायनम, सर फ्रेडरिक बोर्न. राहायला नागपूर, उन्हाळ्यात पचमढी.

यांखेरीज दोन हंगामी नावं अशी आहेत की ती वगळली तर यादी फिकी होते. एक ई. राघवेंद्र राव, १९३६ सालचे. दुसरं त्याआधीचं, १९२९ सालचं: अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे. तांबे स्वराज्य पक्षाचे, मध्य प्रांत कौन्सिलचे अध्यक्ष. १९२५ मध्ये त्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली आणि पक्षात आग लागली. कौन्सिलात जाऊन सरकारची अडवणूक करायची हे धोरण असताना सरकारातच जाऊन बसायचं? मोतीलाल नेहरू संतापले. केळकर, जयकर, मुंजे, अणे या मराठी पुढाऱ्यांनी पुढे प्रतियोगी सहकाराचा वेगळा झेंडा उभारला. चार वर्षांनी गव्हर्नर रजेवर असताना तेच तांबे काही काळ गव्हर्नरच्या खुर्चीत बसले. कायद्याच्या काटेकोर भाषेत वऱ्हाड तेव्हाही ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हतं. तिथले प्रतिनिधी आधी मतदार निवडत आणि मग सरकार त्यांना ‘नियुक्त’ करी. अशा मुलखातला माणूस इंग्रजांच्या प्रांताचा गव्हर्नर झाला, हे त्या काळच्या अमरावतीकरांना किती अप्रूपाचं वाटलं असेल याची कल्पना करता येते.

१९३६ मध्ये निजामाशी नवा करार झाला. निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला आणि वऱ्हाडात ब्रिटिश निशाणाशेजारी निजामाचं निशाण लावण्याचं ठरलं. दोन निशाणं, एक गव्हर्नर, आणि १९३७ च्या निवडणुकीनंतर काँग्रेसचं मंत्रिमंडळ. यातूनच १९३८ चं खरे प्रकरण उभं राहिलं. मुख्यमंत्री (तेव्हाच्या भाषेत पंतप्रधान) डॉ. ना. भा. खरे यांचं आपल्या महाकोशलच्या सहकाऱ्यांशी जमेना. २० जुलैला त्यांनी राजीनामा दिला. वऱ्हाडचे गोळे आणि रामराव देशमुख हे मंत्रीही त्यांच्याबरोबर बाहेर पडले. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता यांनी पक्षाच्या आदेशावाचून राजीनामा द्यायला नकार दिला. गव्हर्नर वायलींनी रात्रीच्या रात्री तिघांना बडतर्फ केलं आणि खऱ्यांना नवं मंत्रिमंडळ बनवू दिलं. काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्याहून डोळे वटारल्यावर ते मंत्रिमंडळ चार दिवसही टिकलं नाही, आणि शुक्ल मुख्यमंत्री झाले.

अशाच एका रात्रीनंतर, २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी, महाराष्ट्र जागा झाला तेव्हा राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठलेली होती आणि राजभवनात शपथविधी उरकला होता. तेही सरकार चार दिवसांचंच ठरलं. ‘पहाटेचा शपथविधी’ हा त्या दिवसापासून मराठी राजकारणातला रुळलेला शब्द आहे. त्याची जुनी आवृत्ती नागपुरात एक्याऐंशी वर्षं आधी होऊन गेली होती, हे त्या गदारोळात फारसं कुणाला आठवलं नाही.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांताला मंगलदास पक्वासा हे गव्हर्नर मिळाले, त्यांच्यानंतर काँग्रेसचे इतिहासकार पट्टाभी सीतारामय्या. याच सुमाराला वऱ्हाडने उलट दिशेनेही माणूस पाठवला. वणीचे लोकनायक बापूजी अणे, ज्यांनी १९३० मध्ये पुसदला जंगल सत्याग्रह केला, ते १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल होते. पुढच्या काळात दर्यापूर तालुक्यातले रा. सू. गवई बिहार आणि केरळचे राज्यपाल झाले. मलकापूरच्या शेजारच्या बोदवड भागात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील राजस्थानच्या राज्यपाल झाल्या आणि तिथूनच २००७ मध्ये राष्ट्रपती भवनात गेल्या.

राज्यपाल निवडून यावा की नेमावा, यावर घटना समितीत बराच काथ्याकूट झाला होता. आधीच्या मसुद्यात निवडणूक होती. निवडून आलेला मुख्यमंत्री आणि निवडून आलेला राज्यपाल एका म्यानात राहणार नाहीत, या भीतीने १९४९ मध्ये नेमणुकीची पद्धत पक्की झाली. कलम १५६ मध्ये मुदत पाच वर्षांची आहे, पण त्याच कलमाच्या पहिल्याच वाक्यात राष्ट्रपतींची मर्जी असेतो, अशी मेख मारून ठेवली आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मर्जीला लगाम घातला: केंद्रात सरकार बदललं एवढ्याच कारणावरून राज्यपालाला काढता येणार नाही.

लगाम घातला तरी घोडा कसा हाकायचा ते दिल्लीला ठाऊक असतं. २०१४ मध्ये केंद्रात सत्ता बदलली. महाराष्ट्राचे राज्यपाल के. शंकरनारायणन यांना पदावरून काढलं नाही. त्यांची मिझोरामला बदली केली. त्यांनी तिथे न जाता राजीनामा दिला. १७२४ च्या निजामाला बदली नको होती तेव्हा त्याच्याकडे तोफखाना होता. २०१४ च्या राज्यपालाकडे राजीनाम्याचा कागद. मधल्या २९० वर्षांत लोकशाहीने केलेली प्रगती म्हणून हा फरक मोजायला कुणाची हरकत नसावी, पण बदली हे हत्यार जुनंच आहे.

श्रीप्रकाशांपासून मोजलं तर विसाहून अधिक राज्यपाल झाले. पाच वर्षं पुरी करणारे त्यांत हाताच्या बोटांवर: श्रीप्रकाश स्वतः (द्विभाषिक मुंबईचा काळ धरून), अली यावर जंग, पी. सी. अलेक्झांडर आणि सी. विद्यासागर राव. पहिल्या पाचांपैकी तिघे पदावर असतानाच वारले. पी. सुब्बरायन तर सहा महिनेही पुरते राहिले नाहीत. डॉ. पी. व्ही. चेरियन पाच वर्षं व्हायला आठवडाही उरला नसताना गेले. अली यावर जंग १९७६ च्या डिसेंबरात गेले. ते निजामाच्या मंत्रिमंडळात काम केलेले हैदराबादी. ज्या घराण्याच्या भाडेपट्ट्यावर वऱ्हाड अर्धं शतक राहिलं त्याच दरबारातला एक माणूस स्वतंत्र भारतात इथला राज्यपाल झाला, हा योगायोग रोहिणखेडवाल्याने तरी लक्षात ठेवावा असा. विजयालक्ष्मी पंडित नेहरूंच्या निधनानंतर फुलपूरची पोटनिवडणूक लढवायला गेल्या. मेहरा आणि लतीफ हे एकापाठोपाठ दोन हवाईदलप्रमुख. शंकरदयाळ शर्मा आणि सी. पी. राधाकृष्णन इथून उपराष्ट्रपती होऊन गेले. सी. सुब्रमण्यम यांनी पंतप्रधान नरसिंह रावांविषयी खासगीत काढलेले उद्गार बाहेर फुटले आणि १९९३ च्या जानेवारीत त्यांना जावं लागलं.

त्यांच्या जागी आलेले अलेक्झांडर साडेनऊ वर्षं राहिले. दंगलीत होरपळलेली मुंबई, मग काँग्रेसचं सरकार, मग शिवसेना-भाजप युतीचं, मग आघाडीचं. वऱ्हाडच्या दृष्टीने त्यांचं महत्त्व वेगळं आहे.

विदर्भ मुंबई राज्यात आला तेव्हा राज्यघटनेत कलम ३७१ (२) घातलं गेलं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळं, आणि निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी मुख्यमंत्र्यांवर नव्हे तर राज्यपालांवर. तरतूद १९५६ ची. मंडळं प्रत्यक्षात आली १ मे १९९४ ला. मधल्या ३८ वर्षांत मागासलेपण ‘अनुशेष’ या नावाने मोजलं जाऊ लागलं होतं. दांडेकर समितीने तो राज्यभरात ३,१८६ कोटींच्या वर असल्याचं १९८४ मध्ये सांगितलं. अलेक्झांडर यांच्या काळात निर्देशांक व अनुशेष समिती बसली, १९९४ च्या पायावर हिशेब नव्याने झाला तेव्हा आकडा चौदा हजार कोटींवर गेला. २००१ पासून राज्यपाल वार्षिक निधी कसा वाटायचा याचे निर्देश देऊ लागले. सिंचनाचा अनुशेष सर्वांत चिवट ठरला तो अमरावती विभागातल्या चार जिल्ह्यांत: अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा.

म्हणजे राजभवनातून निघणारा एक कागद मोताळ्याच्या कपाशीच्या शेतापर्यंत पोचू शकतो, निदान पोचावा अशी घटनेची अपेक्षा आहे. निधीचं वाटप विधानसभेने ठरवायचं की राज्यपालांनी, यावर मुंबईत वाद झडले. पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प याच अनुशेषाच्या कागदांतून वर्षानुवर्षं फिरतो आहे. वैनगंगेचं पाणी ४२६ किलोमीटर आणून ज्या नळगंगा धरणात सोडायची योजना आहे, ते धरण रोहिणखेडच्याच तालुक्यातलं. मंडळांची मुदत मात्र ३० एप्रिल २०२० ला संपली आणि वाढवली गेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला आणि प्रस्ताव दिल्लीच्या दारात गेला. राज्यपालांच्या मुदतीवर मराठी वर्तमानपत्रांत अग्रलेख येतात. मंडळांच्या मुदतीची बातमी आतल्या पानावर आली.

यादी कशी वाचावी याबद्दल एक सूचना. बहुतेक ठिकाणी हंगामी राज्यपालांची नावं गाळलेली असतात, कारण ते बहुधा मुख्य न्यायमूर्ती असतात आणि काही आठवड्यांपुरते खुर्ची सांभाळतात. वऱ्हाडच्या वाचकाने ती नावं गाळू नयेत. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईचे राज्यपाल हरेकृष्ण महताब ओडिशाचं मुख्यमंत्रिपद घ्यायला निघून गेले. श्रीप्रकाश यायचे होते ते १० डिसेंबरला. मधल्या काळात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मो. क. छागला यांनी काम पाहिलं, आणि १ नोव्हेंबरला विदर्भाचे जिल्हे मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले ते त्याच दिवसांत. सीतारामय्यांच्या अखत्यारीतून रोहिणखेड ज्यांच्या अखत्यारीत गेलं ते छागलाच. त्यांचं नाव यादीतून काढलं तर त्या दिवशी वऱ्हाडचा राज्यपाल कोण होता, या प्रश्नाची जागा कोरी राहते.